उसना डावा हात

लेक माहेरी आली तेव्हा तिच्या डाव्या हाताला कोपरापासून बोटांच्या पेरांपर्यंत प्लास्टर होतं आणि उजव्या हातात माउस. बॅग नाही, कपडे नाहीत. माउसची वायर मनगटाभोवती गुंडाळलेली, जणू घर जळताना तेवढीच वस्तू वाचवून ती बाहेर पडली होती.

"हे काय गं?" दार उघडून टाइपकाकांनी विचारलं.

"खण अडकला. हात सापडला."

ती आत आली आणि खुर्चीवर बसली. काकांनी पाणी दिलं. त्यांना पुढे काय विचारावं ते सुचेना, आणि तिला सांगायचं नव्हतं, त्यामुळे दोघांचं बरं जमलं.

टाइपकाका म्हणजे फौजदारी न्यायालयातले निवृत्त टंकलेखक. न्यायाधीश बोलत आणि ते कागदाकडे न बघता टंकत. बोथट हत्यार, कवटीचं हाड, आतड्याला छेद, सगळं त्यांच्या बोटांखालून गेलेलं. उभ्या आयुष्यात त्यांनी कुणाच्या थोबाडीत दिली नव्हती, पण माणूस किती तऱ्हांनी मारला जातो हे त्यांच्याइतकं त्या इमारतीत कुणाला ठाऊक नसेल. आणि "खण अडकला, हात सापडला" या जातीची वाक्यं तर त्यांनी पोत्याने टंकली होती. जिन्यावरून पाय घसरला. स्टोव्ह भडकला. डोकं कपाटाला लागलं. त्या वाक्यांत कधी कुणी काही करत नाही, सगळं आपोआप होतं. न्यायाधीश चष्म्यावरून बघत आणि म्हणत, "घ्या, पुढे." तेच वाक्य आज घरात आलं, आणि काकांनी ते मुकाट्याने गिळलं. दुसऱ्याच्या घरातला धूर दिसतो, आपल्या घरातला डोळ्यांत जातो.

दुसऱ्या दिवशी जावई आला. गुळगुळीत दाढी, फळांची पिशवी, खाली मान. "बाबा, चूक माझीच. की-बोर्डचा सरकता खण आहे ना टेबलाचा, तो नीट करून घ्यायला हवा होता. मी उठलो, गुडघा लागला, खण आत गेला. हिचा हात मध्ये होता."

"होतं असं," काका म्हणाले. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, असल्या वेळी काय बोलायचं ते तीच जाणे. "भांड्याला भांडं लागतंच, जावईबापू."

"सोमवारी गाडी पाठवतो."

काकांनी मान डोलावली. लेकीने बापाकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलंच नाही. म्हणाली, "रविवारचा सामना होऊ दे. मग बघू."

जावई हसला. "एका हाताने?"

सामना म्हणजे कॉम्प्युटरवरचा. अंतराळातल्या लढाईचा खेळ. फुटलेल्या चंद्रांच्या ढिगाऱ्यात, मेलेल्या जहाजांच्या सांगाड्यांत छोटी लढाऊ विमानं एकमेकांच्या चिंधड्या उडवतात. नवरा-बायकोची ओळखच तिथे झाली होती. तिथे त्याचं नाव वज्रमूठ, तिचं गांधीलमाशी. लग्नानंतर दोघं एकाच तुकडीत उडत. तो पुढे, ती मागे. यंदा दुसऱ्या तुकडीने तिला बोलावलं आणि ती गेली. मग सरावाच्या एका झुंजीत तिने त्याचं विमान त्याच्या मित्रांदेखत मधोमध कापलं. त्याच संध्याकाळी खण अडकला. रविवारी दोघांच्या तुकड्या समोरासमोर येणार होत्या.

हे सगळं तिने बापाला सांगितलं, पण अशा बेताने, की ऐकायचं असेल तर ऐकावं, नसेल तर कानाआड करावं. काकांनी दुसरं पसंत केलं.

त्यांच्या घरी भाच्याने ठेवून दिलेला एक कॉम्प्युटर होता. लेकीने त्यावर खेळ उतरवून घेतला आणि एका हाताने उडायचा प्रयत्न सुरू केला. काका दारातून बघत. माउस हलवला की विमानाचं नाक वळतं, एवढं त्यांना समजलं. बटण दाबलं की तोफ. पण पुढे जाणं, थांबणं, नाक तसंच ठेवून आडवं डावी-उजवीकडे सरकणं, हे सगळं डाव्या हाताच्या कळांवर. माउस हे डोकं आणि कळा हे पाय. पायांशिवाय डोकं नुसतं एका जागी गरगरत होतं आणि यंत्राने चालवलेले शत्रू येऊन ते फोडत होते. तिने काही कळा माउसवर घेऊन पाहिल्या, पुरेनात. प्लास्टरचं टोक की-बोर्डवर आपटून पाहिलं, तर एका वेळी पाच कळा दबल्या आणि विमान थेट चंद्रावर जाऊन फुटलं. शेवटी की-बोर्ड जमिनीवर ठेवून ती पायाच्या बोटांनी खेळू लागली.

"अगं, कळा तुटतील," काका न राहवून म्हणाले.

"मग तुम्ही दाबा!"

ती चिडून बोलली होती. पण बोलून झाल्यावर दोघंही की-बोर्डकडे बघत राहिले.

काका तिच्या डाव्या बाजूला खुर्ची टाकून बसले. तिने त्यांची बोटं तिच्या सवयीच्या कळांवर ठेवली: वर एक, खाली तीन. काकांची बोटं तिथे राहीनात. इतक्या वर्षांची सवय. हात की-बोर्डवर टेकला की करंगळी ए वर, मग एस, डी, आणि तर्जनी एफ वर. ते बोटांचं घर. मधलं बोट वर चढवलं की हळूच घरी परत येई, जशी संध्याकाळी गाय.

"बाबा, मधलं बोट!"

"मी नाही गं, तेच जातंय."

शेवटी तिने बोटं बदलायचा नाद सोडला आणि कळा बदलल्या. खेळाच्या मांडणीत जाऊन पुढे जाणं डी वर आणलं, थांबणं ए वर, डावीकडे सरकणं एस वर, उजवीकडे एफ वर. घर तेच, भाडेकरू नवे. माउसचा वेगही कमी केला. बाप आधीच हळू, निदान डोकं तरी पायांच्या फार पुढे पळू नये.

मग दुसरी अडचण आली. ती "पुढे, उजवीकडे!" असं ओरडे, आणि काका दोन शब्द मागून येत. न्यायाधीशाच्या तोंडून वाक्य पुरतं बाहेर पडू द्यायचं, मग टंकायचं, ही त्यांची शिस्त. तेवढ्यात विमानाचे तुकडे होत. एकदा, दोनदा, दहादा मेल्यावर लेकीने कपाळावर हात मारला. तो प्लास्टरचा होता, तिलाच लागलं. आणि त्या कळेतून तिला सुचलं.

"बाबा, मी हुकूम देणारच नाही. मी शब्द सांगते, तुम्ही टंका. डी म्हणजे द, एफ म्हणजे फ, एस म्हणजे स, ए म्हणजे अ. दफ!"

डी आणि एफ. विमान उसळून पुढे गेलं आणि उजवीकडे सरकलं.

"दस! अफ! अस! दफ!"

काकांच्या बोटांना जाग आली. अर्थ लावायचा नाही, फक्त शब्द उठवायचा, हे तर त्यांचं जन्माचं काम. विमान ढिगाऱ्यातून सापासारखं निघालं. लेक ओरडली, "हां, असं!" आणि काकांनी इमानेइतबारे तेही टंकलं, तेव्हा विमानाला जोराचा ब्रेक लागून मागून येणाऱ्याने त्यांचा चेंदामेंदा केला. दोघं हसले. ती आल्यापासून घरात प्रथमच कुणी मनापासून हसलं.

एक खोड मात्र उरली. शब्द संपला की टंकलेखकाचा अंगठा स्पेसवर पडतो. पडतोच. आणि खेळात स्पेसवर क्षेपणास्त्र. दफ, धडाम. दस, धडाम. पहिल्या पल्ल्यातच क्षेपणास्त्रं संपली, त्यातलं एक स्वतःच्याच बाजूच्या जहाजाच्या पोटात शिरलं. अंगठा दोरीने बांधून पाहिला. मग बोटंच अडखळू लागली.

"राहू दे," लेक म्हणाली. क्षेपणास्त्र तिने माउसच्या कडेच्या बटणावर घेतलं. "स्पेसवर कुणालाच न लागणारं काहीतरी ठेवते." तिने तिथे सार्वजनिक वाहिनी ठेवली. दोन्हीकडचे खेळाडू जिथे एकमेकांना शिव्या घालतात ती. एकदा दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद. ती स्वतः ती कायम बंद ठेवायची. सरावात समोर यंत्रच. वाहिनीवर चिटपाखरू नव्हतं. त्यामुळे अंगठा आपटत राहिला आणि काही बिघडलं नाही.

रविवारी दुपारी सामना सुरू झाला. आवाज टेबलावरच्या स्पीकरवर ठेवला होता, दोघांना ऐकू यावा म्हणून. आपला माइक मात्र लेकीने बंद ठेवला होता, म्हणजे काकांना सांगितलेले शब्द बाहेर जाणार नाहीत. रस्त्यावरून भंगारवाला ओरडत गेला. काकांनी बाह्या दुमडल्या, न्यायालयात दुमडत तशा.

सुरुवात बरी झाली. लेकीचा आवाज शांत. "दफ. दस. दस. अफ." शत्रूचं एक विमान समोर आलं, तिने त्याचा पंख उपटला, मग काचेतून आत गोळे घातले, आतला चालक जळत बाहेर फेकला गेला आणि गोठला. असं काकांनी हजारदा टंकलं होतं, पाहिलं कधी नव्हतं.

आणि मग लेकीच्या दोन शब्दांच्या मध्ये स्पीकरमधून दुसराच आवाज येऊ लागला.

"दफ."

"…कुठे आहे आमची माशी? एका हाताने…"

"दस." अंगठा पडला. आवाज तुटला.

"अफ."

"…खण परत बसवून घेतलाय, गडे. या वेळी उजवा…"

"दफ." तुटला. लेकीचा चेहरा पांढरा झाला होता. "बाबा, स्पेस. स्पेस नको."

पण शब्द थांबवता येईनात, कारण समोरून मोठं काळं विमान चालून येत होतं. शब्द थांबले असते तर मरण होतं, आणि शब्द आले की अंगठा येत होता.

"दस."

"…काय किंचाळली होती, विचारा! मी म्हटलं, घाल हात आत, नाहीतर मी घालतो. घातलान् गुपचूप. मग मारली लाथ…" वाहिनीवर कुणीतरी खिदळलं.

"अस," लेक पुटपुटली.

काकांनी ए आणि एस दाबलं. अंगठा स्पेसच्या वर आला आणि तिथेच थांबला. चाळीसएक वर्षांत पहिल्यांदा शब्द संपला आणि अंगठा पडला नाही.

"बाबा, बंद करा ते."

"नको," काका म्हणाले. "बोलू दे. तू शब्द सांग."

वज्रमूठ बोलत राहिला. त्याला वाटत होतं, पलीकडे घाबरलेली एकटी बायको आहे. हातावर लाथ मारली ते त्याने सांगितलं, दुसऱ्यांदा का मारली तेही सांगितलं, आणि सोमवारी गाडी आली की घरी काय होईल ते नीट क्रमवार सांगितलं. "तुझ्या म्हाताऱ्याला सफरचंदं दिली की झालं," तो म्हणाला. "बैल आहे. मान डोलावतो."

काकांच्या छातीत काहीतरी तापत गेलं. त्याला काय म्हणतात हे त्यांना चांगलं माहीत होतं, किती निकालपत्रांत तो शब्द आला होता. पण तो आतून असा लागतो, हे कुणी लिहून दिलं नव्हतं.

"दफ! दफ! अस! दस!"

ती आता ओरडत होती आणि काकांची बोटं तिच्या आवाजाच्या मागे नव्हती, बरोबर होती, अंगठा तेवढा वरच. काळ्या विमानाने पहिल्या फैरीत त्यांची शेपटी उडवली. स्क्रीन लाल झाला. लेकीने एका सांगाड्याच्या बरगड्यांमधून नाक घातलं, काकांनी आडवं सरकवलं. काळं विमान मागून घुसलं आणि बरगडीला घासून त्याचं पोट उसवलं. "अफ!" ब्रेक, उजवीकडे. ते पुढे निघून गेलं. आता त्याची पाठ यांच्या समोर होती. लेकीने माउसचं बटण दाबलं आणि सोडलंच नाही. पत्रा सोलत गेला, इंजिन फुटलं, पंख गळून फिरत गेले. शेवटचं क्षेपणास्त्र तिने त्या उसवलेल्या पोटात घातलं.

आगीतून एक इवलीशी कुपी बाहेर पडली. विमान गेलं तरी चालक कुपीत बसून सुटतो आणि पुढच्या सामन्याला परत येतो. कुपी फोडू नये असा नियम नव्हता, रीत होती. फोडली तर आतला माणूस त्या मोसमातून बाद, इतक्या वर्षांत कमावलेला मान मातीत. लेकीने आजवर कुणाची फोडली नव्हती.

"सोड मला," स्पीकर म्हणाला. आवाज बदलला होता. "ए, ऐक. सोड. नाहीतर घरी ये, मग तुला…"

तिने बोट बटणावर ठेवलं, दाबलं नाही. "बाबा?"

"मार," टाइपकाका म्हणाले.

तिने मारलं. कुपी फुटली, आणि आतून जे बाहेर आलं ते काकांनी डोळे न मिटता पाहिलं. त्यांना बरं वाटलं. आपल्याला बरं वाटलं याची त्यांना भीतीही वाटली, पण ती नंतर.

काकांनी खूण केली, लेकीने माइक चालू केला. काका स्पीकरकडे वाकले, कुठे तोंड करून बोलायचं ते त्यांना नक्की माहीत नव्हतं. "जावईबापू," ते म्हणाले, "मी म्हातारा बोलतोय. उद्या गाडी पाठवू नका." आणि मग अंगठा पडला.

लेक रडली नाही. ती फक्त म्हणाली, "तो येईल."

तो आला. सामन्याचा निकाल लागायच्या आत रस्त्यावर मोटरसायकल पडल्याचा आवाज झाला. उभी करायचीही त्याला सवड नव्हती. लेक फोनवर पोलिसांना पत्ता सांगत होती. काकांनी दार उघडलं. का उघडलं? बहुधा सभ्य माणूस दार वाजलं की उघडतो म्हणून. उघडलं आणि डाव्या हाताने चौकट धरून ते आडवे उभे राहिले.

"सरका, बाबा."

"नाही."

जावयाने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग चौकटीवरच्या बोटांकडे. त्याला युक्ती शोधावी लागली नाही, ती त्याची जुनीच होती. त्याने बाहेरून मूठ धरून दार खाडकन ओढून घेतलं.

आतून काकांना आवाज आधी ऐकू आला, दुखलं मागाहून. सुकी काटकी मोडावी तसा. दार उघडलं. बोटं चौकटीवरच होती, वेगळ्याच दिशांना. त्याने पुन्हा ओढलं. काकांच्या तोंडून जे निघालं ते कुठल्याही भाषेतलं नव्हतं. पण हात सुटला नाही. सोडावा हे त्यांना सुचलं नाही म्हणा, किंवा बोटांना आता सोडताच येत नव्हतं.

मग त्याने लाथेने दार उडवलं. काका पाठीवर पडले. तो आत आला, हातातलं हेल्मेट वर उचललं आणि काकांच्या खांद्यावर हाणलं, मग कानावर. तिसऱ्यांदा उचललं तेव्हा लेक आली.

तिच्या हातात काही नव्हतं. तिचा हातच होता. तिने प्लास्टरचा हात मागे नेला आणि त्याच्या तोंडावर आडवा हाणला. नाकाचं हाड गेलं. तो वळला, तिने पुन्हा हाणला, कानशिलावर. प्रत्येक फटक्याला ती स्वतःही किंचाळत होती, कारण आतलं मोडलेलं मनगट तिचंच होतं. तो गुडघ्यावर आला. तिने हाणला. प्लास्टरला उभी चीर गेली, पांढरे ढलपे लाल होऊन फरशीवर पडले. "घाल," ती म्हणत होती, "घाल हात आत, घाल ना!"

"पोरी," काका खालून म्हणाले. "अगं, पोरी. पुरे. मरेल."

ती थांबली.

खालच्या मजल्यावरचा शेजारी, कारखान्यातला टर्नर, हातात भला मोठा पाना घेऊन धापा टाकत वर आला. मारायला काही उरलंच नव्हतं, म्हणून तो जावयाच्या पाठीवर बसला. पोलीस येईपर्यंत बसून राहिला. "काका, पाणी देऊ का?" त्याने तिथूनच विचारलं. "म्हणजे, हा उठला की देतो."

इस्पितळात दोघांना एकाच बाकावर बसवलं. काकांचा डावा हात फळीला बांधलेला, कानावर टाके. लेकीचं प्लास्टर कापून नवं घातलेलं. हवालदार समोर उभा राहून विचारत होता, बोटं कशी सापडली?

"सापडली नाहीत," टाइपकाका म्हणाले. "माझ्या जावयाने दारात चिरडली. दोनदा. आणि माझ्या लेकीचा हात त्यानेच लाथ मारून मोडला. हळू सांगू का? घ्याल ना लिहून?"

लेक त्यांच्याकडे बघत राहिली.

सोमवारी गाडी आली नाही. त्यानंतरच्याही सोमवारी नाही. तो कोठडीत होता आणि मग सासरच्या माणसांचे फोन आले, ते काकांनी घेतले आणि प्रत्येकाला एकच शब्द सांगितला, नाही.

सामना तिची तुकडी जिंकली होती. पुढची फेरी जवळ आली तशी ती कॉम्प्युटरपुढे बसली आणि तिने दोघांच्या हातांचा हिशेब केला. दोन उजवे, डावा एकही नाही.

"या, बसा," ती म्हणाली. "अलीकडे नको, माझ्या डावीकडेच. की-बोर्ड जरा तिरका करते. उजव्या हाताचं घर कुठे तुमच्या?"

"जे पासून पुढे. के, एल."

"मग थांबणं जे वर, पुढे के वर… ज, क, ल. चौथी कळ करंगळीला. बघा जमतंय का." तिने मांडणी उघडली, एकेक काम उचलून नव्या कळेवर ठेवत गेली. "कल!"

के, एल. आणि अंगठा. उजवा असला म्हणून काय झालं, तोही टंकलेखकाचाच. स्पेस खाडकन वाजली.

लेक हसली. "हिच्यावर काय ठेवू? या वेळी रिकामीच ठेवते ना?"

काकांनी थोडा विचार केला.

"क्षेपणास्त्रच ठेव," ते म्हणाले.